पाखरांचे सोयरे : डॉ. सलीम अली

गावाबाहेरचे तळे, नदीकाठची झाडी, शेताच्या बांधावरची बाभळ, माळावरचे उंच गवत ही ठिकाणे केवळ माणसाच्या उपयोगाची नसतात. तेथे पाखरांची घरटी असतात, त्यांचे अन्न असते आणि दूरदेशाहून येणाऱ्या पाहुण्या पक्ष्यांचा विसावाही तेथेच असतो. तळे बुजले की पाणपक्षी नाहीसे होतात. माळ नांगरला की माळावरच अंडी घालणाऱ्या पक्ष्यांना जागा उरत नाही. पक्षी वाचवायचा असेल तर आधी त्याचा अधिवास, म्हणजे राहण्याची जागा, वाचवली पाहिजे, ही गोष्ट आज आपल्याला सहज पटते. परंतु शंभर वर्षांपूर्वी स्थिती निराळी होती. पक्षी म्हणजे शिकारीचा विषय किंवा पिंजऱ्यातील शोभा, असेच बहुतेकांना वाटे. भारतातील पक्ष्यांविषयी शास्त्रीय लेखनही मुख्यतः इंग्रज अधिकारीच करीत. अशा काळात एका भारतीय माणसाने आपले सारे आयुष्य पक्ष्यांच्या निरीक्षणाला वाहिले आणि त्या निरीक्षणाच्या बळावर अनेक पाणथळी व अरण्ये वाचवण्यास हातभार लावला. त्यांचे नाव डॉ. सलीम अली. विशेष म्हणजे हे कार्य ज्यांनी केले, त्यांच्यापाशी विद्यापीठाची पदवी नव्हती. त्यांच्या नावामागचे ‘डॉक्टर’ हे बिरुद पुढे विद्यापीठांनी त्यांना सन्मानाने बहाल केले.

पोरके बालपण आणि एक वेगळी चिमणी

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. भावंडांमध्ये ते सर्वांत धाकटे. ते एक वर्षाचे असताना वडील वारले आणि तीन वर्षांचे असताना आईचे छत्रही हरपले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी व मामी हमीदा बेगम यांना मूलबाळ नव्हते. त्यांनी या पोरक्या भावंडांना पोटच्या मुलांप्रमाणे वाढवले. खेतवाडीतील त्या घरात माणसांचा मोठा राबता असे. मामा शिकारीचे शौकीन होते. त्यामुळे लहानग्या सलीमच्या हातातही लवकरच छऱ्याची बंदूक आली आणि चिमण्या टिपणे हा त्याचा आवडता खेळ झाला.

या खेळातही त्याची नजर मात्र चौकस होती. घोड्याच्या तबेल्यात एका भोकात चिमणीची मादी अंड्यांवर बसली होती आणि नर बाहेर राखण करीत होता. सलीमने नराला टिपले. थोड्याच वेळात मादीने दुसरा नर मिळवला आणि तोही त्याच जागी पहाऱ्यावर बसला. सात दिवसांत मुलाने असे आठ नर मारले आणि प्रत्येक वेळी नवा नर येऊन बसला. दहा वर्षांच्या आसपासच्या या मुलाने ही हकिगत आपल्या वहीत नोंदवून ठेवली. कृत्य निर्दयपणाचे होते, पण पाहिलेली गोष्ट जशीच्या तशी टिपून ठेवण्याची सवय येथूनच लागली. पुढे हीच सवय त्यांच्या सगळ्या कार्याचा पाया ठरली.

एके दिवशी त्याने मारलेली एक चिमणी नेहमीपेक्षा वेगळी दिसली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे मामांनाही सांगता आले नाही. त्यांनी भाच्याला चिठ्ठी देऊन बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे पाठवले. ही संस्था १८८३ साली मुंबईत स्थापन झाली होती आणि भारतातील प्राणी, पक्षी व वनस्पती यांचा अभ्यास करीत होती. परक्या साहेबापुढे जाताना मुलगा बिचकला होता. परंतु मिलार्ड यांनी त्याचे आपुलकीने स्वागत केले. ती पीतकंठी चिमणी आहे असे सांगून त्यांनी कपाटांचे खण उघडले आणि पेंढा भरून ठेवलेले शेकडो पक्षी त्याला दाखवले. वाचायला पुस्तके दिली. मृत पक्ष्याचे कातडे कसे सोलावे, कसे टिकवावे आणि त्याची नोंद कशी ठेवावी, हेही त्याला तेथेच शिकायला मिळाले. एका अनोळखी मुलाच्या प्रश्नाला एका जाणत्या माणसाने वेळ दिला आणि त्या मुलाच्या आयुष्याला दिशा मिळाली.

पदवीविना शिक्षण

शाळेत सलीम अली फारसे चमकले नाहीत. वारंवार होणाऱ्या डोकेदुखीमुळे त्यांच्या शिक्षणात खंड पडला. हवापालटासाठी त्यांना काही काळ सिंध प्रांतात पाठवण्यात आले. १९१३ साली ते कसेबसे मॅट्रिक झाले. महाविद्यालयात प्रवेश घेतला, पण पहिल्याच वर्षी तेथील अभ्यास जड गेला. मग शिक्षण सोडून ते ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये, गेले. तेथे त्यांच्या कुटुंबाचा खाणीचा व लाकडाचा व्यवसाय होता. तो सांभाळण्यासाठी त्यांना पाठवले होते. परंतु सभोवारच्या घनदाट अरण्यात नाना जातींचे पक्षी असताना हिशेबाच्या वह्यांत मन कसे रमणार? धंद्यापेक्षा भटकंतीच अधिक झाली.

१९१७ साली मुंबईस परतल्यावर त्यांनी एकीकडे व्यापारी कायदा व हिशेब यांचे शिक्षण घेतले आणि दुसरीकडे सेंट झेवियर्स महाविद्यालयातील फादर ब्लॅटर यांच्या आग्रहामुळे प्राणिशास्त्राचा अभ्यासही केला. डिसेंबर १९१८ मध्ये तेहमिना यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ब्रह्मदेशातील व्यवसाय पुढे बंद पडला आणि नोकरी शोधणे भाग पडले. झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया या सरकारी संस्थेत पक्षितज्ज्ञाची जागा होती. पण पदवी नसल्याने ती त्यांना मिळाली नाही. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयात, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, मार्गदर्शक व्याख्याता म्हणून त्यांना काम मिळाले. येणाऱ्या प्रेक्षकांना व विद्यार्थ्यांना तेथील प्राणी-पक्ष्यांची माहिती सांगणे हे ते काम होते.

दोनच वर्षांत त्यांना जाणवले की, केवळ हौसेवर भागणार नाही. पक्षिशास्त्राचे रीतसर शिक्षण घ्यायला हवे. रजा घेऊन ते जर्मनीला गेले. बर्लिनच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयातील विख्यात पक्षितज्ज्ञ एर्विन स्ट्रेसेमान यांच्या हाताखाली त्यांनी अभ्यास केला. कपाटातील मृत पक्ष्याइतकेच, किंबहुना त्याहूनही अधिक महत्त्व रानातील जिवंत पक्ष्याला आहे, ही दृष्टी त्यांना तेथे लाभली. हेलिगोलँड बेटावर पक्ष्यांच्या पायात वाळे अडकवून त्यांचे स्थलांतर कसे अभ्यासतात, तेही त्यांनी पाहिले. सलीम अली आयुष्यभर स्ट्रेसेमान यांना गुरू मानत आले.

किहीमची सुगरण

१९३० साली ते मायदेशी परतले, तेव्हा पैशाच्या टंचाईमुळे त्यांची वस्तुसंग्रहालयातील जागाच रद्द झालेली होती. परदेशातून शिकून आलेला माणूस बेकार झाला. मुंबईत राहणे परवडेना, म्हणून पती-पत्नी अलिबागजवळच्या किहीम या समुद्रकाठच्या खेड्यात राहावयास गेले. दुसरा एखादा खचून गेला असता. सलीम अलींनी मात्र घराजवळच्या झाडाकडे पाहिले. पावसाळा सुरू झाला होता आणि त्या झाडावर सुगरण पक्ष्यांची वसाहत गजबजली होती.

सुगरणीचे लोंबते घरटे आपल्याकडे सर्वांच्या परिचयाचे आहे. नाव स्त्रीलिंगी असल्यामुळे ते घरटे मादीच विणते, असाही समज आढळतो. प्रत्यक्षात विणकर असतो तो नर. सलीम अली तासन्‌तास त्या वसाहतीसमोर बसून राहिले. त्यांना दिसले ते असे : पिवळ्याधमक पिसांचे नर गवताच्या व पात्यांच्या चिरफाळ्या आणून घरटी विणू लागतात. घरटी अर्धी तयार झाली की माद्यांचा थवा येतो. मादी एकेका घरट्यात शिरून त्याची जणू परीक्षा घेते. पसंत पडलेल्या घरट्यात ती मुक्काम करते, मग नर ते घरटे पुरे करतो. मादी अंडी उबवू लागली की तोच नर शेजारी दुसरे घरटे विणायला घेतो आणि दुसऱ्या मादीची वाट पाहतो. नापसंत घरटी अर्धवटच लोंबत राहतात. सुगरण पक्ष्याच्या संसाराचा हा क्रम यापूर्वी कोणी इतक्या नेमकेपणाने उलगडला नव्हता. सोसायटीच्या नियतकालिकात हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि पक्षितज्ज्ञांमध्ये सलीम अलींचे नाव झाले. या शोधासाठी प्रयोगशाळा लागली नाही की महागडी उपकरणे लागली नाहीत. घराजवळचे एक झाड, चिकाटी आणि रोज नेमाने लिहिलेली वही एवढ्यावर तो साध्य झाला.

रानोमाळ

पोटापाण्याचा प्रश्न मात्र सुटला नव्हता. त्या काळी देशात अनेक संस्थाने होती आणि त्यांच्या मुलखातील पक्ष्यांची पुरेशी नोंद झालेली नव्हती. प्रवासाचा व मुक्कामाचा खर्च मिळाल्यास आपण वेतन न घेता पाहणी करू, असे सलीम अलींनी सुचवले. १९३१ मध्ये हैदराबाद संस्थानापासून या कामाला आरंभ झाला. त्यानंतर कोचीन, त्रावणकोर, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ असे एकामागून एक प्रदेश त्यांनी पालथे घातले. बैलगाडी, उंट, घोडा, होडी आणि पुष्कळदा पायी असा हा प्रवास असे. पहाटे उजाडण्यापूर्वी रानात शिरायचे, उन्हे चढली की तंबूत येऊन नोंदी लिहायच्या आणि संध्याकाळी पुन्हा बाहेर पडायचे, हा त्यांचा नेम होता. शिस्तीच्या बाबतीत ते कडक होते. तळावर कोणी घोरलेलेही त्यांना खपत नसे.

या साऱ्या खडतर जीवनात तेहमिनाबाईंची त्यांना मोलाची साथ होती. सुखवस्तू घरात वाढलेल्या या स्त्रीने रानातील तंबूत संसार मांडला. तळाची व्यवस्था व हिशेब त्या पाहत आणि पक्षिनिरीक्षणातही गोडीने भाग घेत. १९३९ साली एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर त्यांचे निधन झाले. हा आघात सलीम अलींनी मुकाट्याने सोसला. त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. मुंबईत बहीण कम्मू व मेहुणे हसन अली यांच्या घरी ते राहू लागले आणि त्यांनी कामात स्वतःला बुडवून घेतले.

१९४५ साली कच्छच्या रणात त्यांनी रोहित पक्ष्यांची, म्हणजे फ्लेमिंगोंची, प्रचंड वसाहत पाहिली. खाऱ्या चिखलाचे छोटे बुरूज रचून लक्षावधी पक्षी तेथे घरटी करून राहिले होते. अशा भ्रमंतीतून त्यांना एक गोष्ट अधिकाधिक स्पष्ट होत गेली : प्रत्येक पक्ष्याला त्याची ठरावीक जागा लागते. विशिष्ट झाड, विशिष्ट खोलीचे पाणी, विशिष्ट गवत असेल तरच तो तेथे जगतो. आणि पक्षीही त्या जागेचे ऋण फेडत असतो. पांगारा, काटेसावर अशा झाडांच्या फुलांतील मध चाखताना पक्षी परागकण एका फुलाकडून दुसऱ्या फुलाकडे नेतात. वड-पिंपळाची फळे खाऊन दूरवर बिया टाकतात. पिकांवरील किडे व शेतातील उंदीर यांना आवर घालतात. पक्ष्यांचे रक्षण हा केवळ भूतदयेचा प्रश्न नसून शेतीच्या व माणसाच्या हिताचा प्रश्न आहे, अशी मांडणी ते सातत्याने करीत राहिले.

सर्वांसाठी पक्षी

मिळवलेले ज्ञान मोजक्या तज्ज्ञांपुरते राहू नये, असे त्यांना वाटे. १९४१ साली भारतीय पक्ष्यांविषयीचे त्यांचे इंग्रजी पुस्तक सोसायटीने प्रसिद्ध केले. रंगीत चित्रे आणि सोपे वर्णन यांमुळे सामान्य माणसालाही अंगणात आलेला पक्षी त्यावरून ओळखता येऊ लागला. त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. लईक फतेहअली यांच्यासह त्यांनी नॅशनल बुक ट्रस्टसाठी परिचित पक्ष्यांवर एक छोटे पुस्तक लिहिले आणि ते भारतीय भाषांतूनही पोहोचले. आकाशवाणीवरूनही त्यांनी पक्ष्यांविषयी भाषणे दिली. दुसरीकडे अमेरिकन पक्षितज्ज्ञ डिलन रिप्ले यांच्या सहकार्याने त्यांनी भारत, पाकिस्तान व शेजारील देशांतील पक्ष्यांविषयीचा दहा खंडांचा बृहद्ग्रंथ सिद्ध केला. १९६८ ते १९७४ या काळात ते खंड प्रसिद्ध झाले. शेवटचा खंड आला तेव्हा सलीम अलींचे वय अठ्ठ्याहत्तरच्या घरात होते.

घन्याचे पाणी

राजस्थानातील भरतपूरजवळ केवलादेव घना नावाची सुमारे २९ चौरस किलोमीटरची पाणथळ आहे. तेथील संस्थानिकांनी अजान बांधाचे पाणी सखल भागात सोडून, छोटे छोटे बांध घालून ती शिकारीसाठी विकसित केली होती. हिवाळ्यात मध्य आशिया व सायबेरियातून हजारो बदके तेथे उतरत आणि राजेरजवाडे व इंग्रज अधिकारी त्यांची शिकार करीत. १२ नोव्हेंबर १९३८ या एका दिवशी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत ४,२७३ पक्षी मारले गेले. तो आकडा तेथील शिलालेखावर अभिमानाने कोरण्यात आला. योगायोग असा की, तो सलीम अलींचा जन्मदिवस होता.

देश स्वतंत्र झाल्यावर घन्यापुढे वेगळेच संकट उभे राहिले. अन्नधान्याची टंचाई होती. भोवतालच्या शेतकऱ्यांना जमीन हवी होती, पाणी हवे होते. ही पाणथळ कोरडी करून तेथे शेती करावी, तिचे पाणी शेतांकडे वळवावे, अशी मागणी होऊ लागली. मागणी गरजेपोटी होती, त्यामुळे तिचा विचार करणे सरकारलाही भाग होते. सलीम अलींना मात्र या जागेचे मोल ठाऊक होते. पावसाळ्यात तेथील बाभळींवर चित्रबलाक, बगळे, पाणकावळे यांची हजारो घरटी होत. हिवाळ्यात दुर्मीळ सायबेरियन क्रौंच तेथे येत. एकदा पाणी काढून घेतले की ही वसाहत पुन्हा उभी करता येणार नाही, हे त्यांनी पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या निदर्शनास आणले. नेहरूंना निसर्गाची ओढ होती. घना वाचला. १९५६ साली तेथे पक्षी अभयारण्य घोषित झाले. माजी महाराजांचा शिकारीचा हक्क मात्र १९७२ पर्यंत चालू राहिला, तोही पुढे संपला. १९८१ साली रामसर कराराखाली महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत आणि १९८५ साली जागतिक वारसास्थळांच्या यादीत घन्याचा समावेश झाला.

कर्नाटकात श्रीरंगपट्टणजवळ कावेरीच्या पात्रातील बेटांवरही अशीच पक्ष्यांची वसाहत होती. सलीम अलींनी म्हैसूरच्या महाराजांना तिचे महत्त्व पटवून दिले आणि १९४० साली रंगनतिट्टू पक्षी अभयारण्य अस्तित्वात आले.

पायातील वाळा

पक्षी कोठून येतात आणि कोठे जातात, हे कळल्याशिवाय त्यांचे रक्षण कसे करणार? १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा भागात क्यासानूर नावाच्या जंगलात एका नव्या तापाची साथ उद्भवली. माकडे मरू लागली, माणसेही दगावली. या तापासारखाच रोग रशियात होता. त्यामुळे तेथून येणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडांबरोबर तो आला असावा, अशी शंका निघाली. तिचा शोध घेण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने सोसायटीने सलीम अलींच्या नेतृत्वाखाली पक्षिस्थलांतराचा मोठा अभ्यास हाती घेतला.

या कामी बिहारमधील मीरशिकार, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या पाखरे पकडून पोट भरणारे लोक, फार उपयोगी पडले. पक्ष्याचे पीसही न दुखवता त्याला जाळ्यात घेण्याची त्यांची कला कोणत्याही पुस्तकात नव्हती. जे हात पाखरे विकण्यासाठी पकडत, तेच आता त्यांच्या पायात हलका वाळा घालून त्यांना पुन्हा आकाशात सोडू लागले. वाळ्यावर क्रमांक आणि मुंबईच्या सोसायटीला कळवण्याची सूचना असे. काही काळाने सायबेरिया व मध्य आशियातून वाळे सापडल्याची पत्रे येऊ लागली. भरतपूरच्या तळ्यातील बदकाचा हजारो किलोमीटरचा प्रवास अशा रीतीने पुराव्यानिशी सिद्ध झाला. एका गावचे तळे बुजवले तर त्याचा परिणाम दूरच्या देशातील पाखरावर होतो, हे त्यातून दिसून आले.

म्हशींनी शिकवलेला धडा

भरतपूरच्या कहाणीत एक दुःखद प्रकरणही आहे. घन्याच्या भोवतालच्या गावांतील लोक कित्येक पिढ्या आपल्या म्हशी तेथे चारत, गवत कापत, सरपण गोळा करीत. गुरांमुळे पक्ष्यांच्या अधिवासाची हानी होते, असे सलीम अलींसह अनेक पक्षितज्ज्ञांचे मत होते. घन्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा देण्यात आला आणि १९८२ साली तेथील चराई एकाएकी बंद करण्यात आली. गावकऱ्यांना पर्याय मिळाला नव्हता. त्यांनी विरोध केला, संघर्ष पेटला आणि पोलिसांच्या गोळीबारात काही गावकरी मृत्युमुखी पडले.

त्या वेळी सोसायटीचेच शास्त्रज्ञ घन्यात दीर्घकालीन अभ्यास करीत होते. चराई थांबल्यावर काय झाले, याची नोंद त्यांनी प्रामाणिकपणे केली. म्हशी नसल्यामुळे पाण्यावर पसरणारे गवत बेसुमार वाढले, मोकळे पाणी झाकले गेले आणि बदकांसारख्या अनेक पाणपक्ष्यांना त्याचा त्रास होऊ लागला. म्हशी गवत खाऊन नकळत तळी मोकळी ठेवीत होत्या. गावकरी आणि पाखरे यांच्यात एक जुने नाते होते, ते तोडल्यावरच त्याची किंमत कळली. पुढे गावकऱ्यांना तेथील गवत कापून नेण्याची मुभा देण्यात आली. परिसरातील सायकलरिक्षा चालवणारे लोक पक्ष्यांची माहिती शिकून पर्यटकांचे वाटाडे बनले. स्थानिक लोकांना दूर सारून निसर्गरक्षण टिकत नाही, हा धडा भरतपूरने साऱ्या देशाला दिला. ज्या पद्धतीने सलीम अली आयुष्यभर काम करीत आले, त्या निरीक्षण व नोंदीच्या पद्धतीनेच त्यांच्या मताची मर्यादाही दाखवून दिली. शास्त्राची खरी शक्ती हीच आहे.

सायलेंट व्हॅली आणि अखेरची वर्षे

केरळातील पालघाट जिल्ह्यात सायलेंट व्हॅली नावाचे सदाहरित अरण्य आहे. तेथील कुंतिपुळा नदीवर जलविद्युत प्रकल्प उभारण्याची योजना होती. धरण झाले असते तर अरण्याचा गाभाच पाण्याखाली गेला असता. शिक्षक, लेखक, केरळ शास्त्र साहित्य परिषदेसारख्या लोकविज्ञान संस्था यांनी गावोगावी जागृती केली. ऐंशीच्या घरातील सलीम अलींनीही या लढ्याला आपला आवाज दिला. अखेर १९८३ साली प्रकल्प सोडून देण्यात आला आणि १९८४ साली ते अरण्य राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले.

सन्मान त्यांच्याकडे चालत आले. १९५८ साली पद्मभूषण आणि १९७६ साली पद्मविभूषण हे किताब त्यांना मिळाले. १९६७ साली ब्रिटिश पक्षितज्ज्ञांच्या संघटनेने त्यांना सुवर्णपदक दिले. ब्रिटिश नसलेल्या व्यक्तीस ते प्रथमच मिळत होते. वन्यजीवरक्षणासाठीचा गेटी पुरस्कार मिळाला, तेव्हा ती रक्कम त्यांनी निसर्गरक्षणाच्या कामासाठी देऊन टाकली. १९८५ साली राज्यसभेवर त्यांची नियुक्ती झाली आणि त्याच वर्षी त्यांचे आत्मचरित्रही प्रसिद्ध झाले. बालपणी मारलेल्या त्या चिमणीला त्यांनी ग्रंथाच्या नावातच स्थान दिले होते. २० जून १९८७ रोजी मुंबईत वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

चालू राहिलेले काम

गोव्यात मांडवी नदीतील चोडण बेटावर खारफुटीच्या दाटीत १९८८ साली त्यांच्या नावाचे पक्षी अभयारण्य स्थापन झाले. १९९० साली कोइमतूरजवळ त्यांच्या नावाने पक्षिशास्त्राचे संशोधन केंद्र सुरू झाले. त्यांचा जन्मदिवस देशभर पक्षिनिरीक्षण दिन म्हणून पाळला जातो. महाराष्ट्रात २०२० सालापासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह मानला जातो. अरण्यलेखक मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवशी तो सुरू होतो आणि सलीम अलींच्या जन्मदिवशी संपतो.

तथापि एखादी जागा एकदा वाचवली म्हणजे ती कायमची वाचली, असे नसते. सायबेरियन क्रौंच २००१-०२ च्या हिवाळ्यानंतर भरतपूरला दिसलेले नाहीत. वरच्या भागातील पांचना धरणाचे पाणी न मिळाल्याने २००४ च्या सुमारास घना कोरडा पडू लागला. शेतकऱ्यांची तहान आणि पाखरांची तहान हा जुनाच प्रश्न पुन्हा उभा राहिला आणि घन्यासाठी दुसरीकडून पाणी आणण्याच्या योजना कराव्या लागल्या. ज्या माळढोक पक्ष्याला राष्ट्रीय पक्षी करावे असे सलीम अलींना वाटत होते, तो आज अगदी थोड्या संख्येने उरला आहे.

म्हणूनच त्यांचा वारसा जाणत्या तज्ज्ञांइतकाच सामान्य माणसांच्याही हाती आहे. १९८७ सालापासून दर जानेवारीत आपल्या देशात पाणपक्ष्यांची गणना होते. तिच्यात शिक्षक, विद्यार्थी, शेतकरी, नोकरदार असे अनेक हौशी लोक आपल्या परिसरातील तळ्यावर जाऊन पक्षी मोजतात. कोणत्या तळ्यावर किती पक्षी आले आणि गेल्या वर्षीपेक्षा किती कमी झाले, हे अशा नोंदींमुळेच कळते. पुढे त्या तळ्यात भराव पडू लागला किंवा सांडपाणी सोडले गेले, तर ग्रामसभेत वा सरकारी कार्यालयात मांडण्यासाठी हीच नोंद पुरावा म्हणून उभी राहते. अशा कामासाठी पदवीची अट नाही. डोळे उघडे ठेवणे, पाहिलेले खरे तेच तारखेनिशी लिहिणे, न कळलेले जाणत्याला विचारणे आणि जागेवर संकट आले की तेथील लोकांना बरोबर घेऊन बोलणे, एवढे ज्याला जमेल, तो डॉ. सलीम अलींच्या वाटेवरचा प्रवासी होय.